बरणीतल्या गाठीचा हिशेब

डहाणू रोडहून चर्चगेटला जाणारी सकाळची लोकल. समोरच्या बाकावर आमच्या शेजारच्या पाड्यातला एक ओळखीचा माणूस मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसला होता. पिशवी तो खाली ठेवीना, वरच्या फळीवरही ठेवीना. पालघर गेल्यावर त्याने ती जराशी उघडून दाखवली. आत लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी, झाकणाभोवती चिकटपट्टी, आणि बरणीत त्याच्या बायकोच्या छातीतून काढलेली गाठ. "दादरला उतरल्यावर परळच्या बाजूला कुठल्या पुलावरून जायचं?" एवढेच त्याला माझ्याकडून हवे होते. बरणीतले पाणी गढूळ झाले होते. ते सलाइन होते. गाठ काढून दोन दिवस झाले होते.

पंधरा दिवसांनी त्याच्या हातात कागद पडला. कर्करोग आहे, मात्र नमुना नीट टिकवलेला नसल्याने पुढच्या तपासण्यांचा भरवसा देता येत नाही. म्हणजे रोग आहे हे कळले, पण तो कोणत्या जातीचा हे कळायची वाट बंद झाली. ऑपरेशन कुठे झाले ते इथे लिहीत नाही. एकाच दवाखान्याचे हे पाप असते तर मी लेख लिहिला नसता, तक्रार लिहिली असती.

नागरिकहो, आशागड, गंजाड, सायवन, उधवा, तलासरी, यांपैकी कुठल्याही गावात उभे राहून विचारा, छातीच्या गाठीने गेलेली एक तरी बाई प्रत्येकाला आठवते. कोणाची आई, कोणाची वहिनी, कोणाच्या वाडीत चिकू उतरवायला येणारी. तेव्हा प्रश्न आहे की नाही, यावर शाई घालवत नाही. हा प्रश्न कोणाचा, आणि त्याचे काय करायचे, याबद्दल हे मुद्दे.

१. "छातीची गाठ" हे एका रोगाचे नाव नाही, हे आधी आपण समजून घेऊ. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांची तीच पोथी असते. तिच्यातले एखादे पान वाचून त्याची नक्कल निघते आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होते. इतके शाळेत शिकलो. १९९३ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीत एक विचित्र गोष्ट आढळली. जेमतेम २२ अक्षरांचा एक आरएनए. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. तो दुसऱ्या जनुकाच्या नकलेला शेपटाकडे चिकटतो आणि तिचे वाचन रोखतो. हा त्या किड्याचाच काहीतरी प्रकार असेल, असे समजून लोक गप्प बसले. २००० मध्ये असाच दुसरा रेणू सापडला आणि तो माणसातही निघाला, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. २०२४ चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना मिळाले ते याच मायक्रोआरएनएबद्दल.

हा रेणू काय करतो ते आपल्याला समजायला जड जाऊ नये, कारण कचेरीतला तो कारकून आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. अर्ज तो नामंजूर करत नाही. कधी फायलीखाली दाबून ठेवतो, कधी गुपचूप फाडून टाकतो. मायक्रोआरएनए हेच करतो, फक्त इथे त्याचे दाबणे शरीराच्या भल्याचे असते. एकेक मायक्रोआरएनए शेकडो अर्ज अडवतो आणि एकेका अर्जावर अनेकांचा हात असतो. कर्करोगात या कारकुनांच्या बदल्या होतात. ज्याने वाढीचे अर्ज अडवायचे तो जागेवर नसतो, आणि जो कधीमधी यायचा तो दिवसभर ठाण मांडून बसतो. कोणत्या गाठीत कोणाची बदली झाली यावर ती गाठ किती वाढेल, कुठे पसरेल, कोणत्या औषधाला दाद देईल हे बरेचसे ठरते. दोन शेजारणींच्या गाठी हाताला सारख्याच लागतील, आतून मात्र वेगळ्या असतील. "गाठ होती, काढून टाकली" एवढ्यावर ज्या व्यवस्थेचे समाधान होते, ती व्यवस्था अडाणी आहे. बाईला अडाणी म्हणण्याचा तिला काहीही अधिकार नाही.

२. आता पेशीच्या अंगावर काय असते ते पाहू, कारण सगळा खेळ तिथे आहे. पेशीच्या पापुद्र्यावर प्रथिने रोवलेली असतात. काही बाहेरचा निरोप आत घेतात, काही शेजारच्या पेशीला धरून ठेवतात. हर-२ हे निरोप घेणाऱ्यांपैकी एक. निरोप असतो "वाढ". साध्या पेशीवर ते मोजके असते. स्तनाच्या कर्करोगात पाच-सहा रुग्णांमागे एकीच्या गाठीत त्याचे जनुकच अनेक पटींनी वाढलेले असते आणि पेशीच्या अंगावर हर-२ ची दाटी होते. मायआर-१२५ए आणि १२५बी हे दोन मायक्रोआरएनए हर-२ आणि त्याचे भावंड हर-३ या दोघांच्या नकला अडवतात, आणि ते पेशीत परत वाढवले की पेशींची वाढ आणि घुसखोरी मंदावते, हे २००७ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दाखवले गेले. पुढे दोन वर्षांत मायआर-२०५ हा हर-३ ला आवरणारा आणखी एक निघाला.

आणि पसरणे? कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या काठ्या एकमेकींना आवळून बांधलेल्या, वरून शेणामातीचा लेप. लेप उडाला तरी भिंत उभी राहते. बांध सुटले की एकेक काठी निसटते. स्तनातल्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिन म्हणजे ई-कॅडहेरिन. ते बनू न देणारे झेब नावाचे दोन दांडगे पेशीत असतात आणि त्या दांडग्यांना मायआर-२०० घराण्यातले मायक्रोआरएनए दाबून ठेवतात. २०० चे प्रमाण घटले की झेब माजतात, ई-कॅडहेरिन कमी होते, बांध सुटतो. मायआर-९ तर मधल्या कोणाला न विचारता ई-कॅडहेरिनचीच नक्कल अडवतो. पेशीवरच्या सीडी-४४ या प्रथिनाला मायआर-३७३ आणि ५२०सी खाली आणतात आणि त्याने पसरणे वाढते. उलट मायआर-३१ हा इंटिग्रिन नावाच्या पकडीच्या प्रथिनावर वचक ठेवून पसरणे रोखतो. म्हणजे एक मायक्रोआरएनए राखणदार, दुसरा फितूर, असा कारभार आहे. बांधातून सुटलेली पेशी रक्तातून, लसिकेतून जाते आणि हाडात, फुफ्फुसात, यकृतात, मेंदूत घर करते. स्तनात राहिलेली गाठ सहसा जीव घेत नाही. जीव घेते ती तिथून निघून दुसरीकडे वस्ती केलेली पेशी, आणि निघायला लागणारी सवड तिला आपण देतो.

३. इथे एक सावधगिरीची सूचना. मायक्रोआरएनए हा शब्द आता जाहिरातीतही येऊ लागेल. त्याच्यावर बेतलेले स्तनाच्या कर्करोगाचे औषध आज बाजारात नाही. मायआर-३४ची कृत्रिम नक्कल शिरेतून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. रुग्णांच्या प्रतिकारशक्तीवर गंभीर परिणाम दिसले आणि २०१६ मध्ये तो थांबवावा लागला. रक्तातले मायक्रोआरएनए मोजून गाठ ओळखण्यावर संशोधन चालू आहे, पण हाताने तपासणे, मॅमोग्राफी किंवा सुईने नमुना घेणे यांची जागा त्याने घेतलेली नाही. आज ज्याला हात घालता येतो ते पेशीच्या अंगावरचे प्रथिन. हर-२ वर जाऊन बसणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, २०१३-१४ मध्ये बंगळूरच्या बायोकॉनने त्याची भारतीय आवृत्ती आणली, आणि आता ते आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अत्यावश्यक कोणासाठी? जिच्या गाठीवर हर-२ आहे हे कोणी तपासलेच नाही, तिच्यासाठी ही यादी म्हणजे छापलेला कागद.

४. आणि म्हणून पुन्हा बरणीकडे. पेशीवर हर-२ आहे का हे पाहण्यासाठी गाठीचे पातळ काप काढून त्यांवर रंगाची प्रक्रिया करतात. ती खरी उतरायची तर गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. साधे फॉर्मॅलिन चालत नाही. आम्लता सांभाळलेले, १० टक्क्यांचे लागते. गाठीच्या आकाराच्या निदान दसपट द्रव हवा. गाठ मोठी असेल तर तिला चिरा द्याव्या लागतात, कारण फॉर्मॅलिन आत मुरायला वेळ घेते आणि तोवर मधला भाग सडतो. सहा तासांपेक्षा कमी ठेवून चालत नाही, बहात्तर तासांपेक्षा जास्तही नाही. बरणी रुंद तोंडाची हवी. अरुंद तोंडातून गाठ कोंबली तर आत जाताना चिरडते आणि फॉर्मॅलिनने कडक झाल्यावर बाहेर येत नाही. बरणीवर नाव, बाजू डावी की उजवी, आणि काढल्याची वेळ.

यात काय आहे जे आपल्याकडे होऊ शकत नाही? कोणते यंत्र लागते? कोणता परदेशी तज्ज्ञ? एक रुंद तोंडाची बरणी, थोडे फॉर्मॅलिन, एक लेबल, आणि बरणी कोणी कधी कुठे न्यायची हे ठरवून दिलेला एक माणूस. मे महिन्यातल्या उकाड्यात सलाइनमध्ये बुडालेली गाठ घेऊन नवरा लोकलमध्ये बसतो तेव्हा बरणीत प्रथिने विरघळत असतात आणि त्यांच्याबरोबर बायकोच्या उपचाराचे पर्यायही. काढलेली गाठ तपासायला न पाठवता फेकून दिल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. "साधीच होती" असे वर सांगितले जाते. साधी आहे हे डोळ्यांनी ठरवणारा माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, भगतापेक्षा वेगळे काय करतो? स्तनातून निघालेली प्रत्येक गाठ फॉर्मॅलिनमध्ये जाईल आणि पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पोचेल, ही जबाबदारी गाठ काढणाऱ्याची आहे. रुग्णाच्या नवऱ्याची नाही.

५. अहवाल हातात आला की त्यात तीन उत्तरे शोधायची: ईआर, पीआर, हर-२. पहिले दोन हे संप्रेरकांचे ग्राहक, पेशीच्या केंद्रकात असतात. ते असतील तर रोज एक गोळी, वर्षानुवर्षे, आणि त्या गोळीने जीव वाचतात. हर-२ पुढे ३+ असेल तर ट्रॅस्टुझुमॅबचा विचार होतो, २+ असेल तर आणखी एक चाचणी करून घ्यायची. तिन्ही नाहीत, असेही होते, आणि भारतात तसे होण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. त्या बाईचा उपचार वेगळा. आणि ब्लॉक मागून घ्या. मेणाचा तो छोटा ठोकळा, ज्यात गाठ बसवलेली असते. वर्षानुवर्षे टिकतो, दुसरीकडे पुन्हा तपासता येतो. मायक्रोआरएनएसुद्धा त्यात शाबूत राहतात. शेतीचा सातबारा आपण पत्र्याच्या पेटीत जपतो. ब्लॉक आणि स्लाइड त्याच पेटीत ठेवायच्या असतात, हे बाईला सांगायला दवाखान्यात कोणाला अर्धे मिनिट मिळत नाही?

६. आता सगळ्यात महत्त्वाचे. वर सांगितलेले बांध सुटायच्या आधी गाठ सापडली पाहिजे, आणि त्यासाठी मॅमोग्राफीचे यंत्र येईपर्यंत थांबायची गरज नाही. हे मी आशेवर म्हणत नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक अभ्यास सुरू केला. वीस वस्त्या, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका. निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तन तपासले. यंत्र नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या वस्त्यांत गाठी लवकर सापडल्या, पुढच्या टप्प्यात पोचलेल्या गाठींचे प्रमाण ४७ वरून ३७ टक्क्यांवर आले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अर्धे सांगून मागणी रेटणे मला मान्य नाही.

हा कार्यक्रम कागदावर आपल्याकडे आहेच. तिशीवरच्या प्रत्येक बाईची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी, उपकेंद्राच्या पातळीवर. प्रत्यक्षात? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनाची तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एक बाईसुद्धा पुरी भरत नाही. आणि दुसरीकडे देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग होतो, असा २०२२ चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

तपासणी का होत नाही, ते मी ओट्यावर बसून पाहिले आहे. आशाताई सीबॅकचा, म्हणजे आजारांच्या जोखमीच्या प्रश्नावलीचा, फॉर्म घेऊन आली. फॉर्मात प्रश्न आहे, छातीत गाठ आहे का. सासू सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, दीर खाटेवर, मी बाजूला. आशाताईने प्रश्न वाचला. बाईने पदर नीट केला आणि म्हणाली, "नाय." फॉर्मवर टिक झाली. ती बिचारी आशाताई तरी काय करणार? त्याच दिवशी तिला लसीकरणाची यादी द्यायची होती, क्षयाच्या गोळ्या पोचवायच्या होत्या, आणि स्वतःच्या मोबदल्यासाठी महिन्याच्या शेवटी पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहायचे होते. सिकलसेलसाठी पाड्यापाड्यावर बोटातून रक्त घेता येते. तिथे घर लांब, रस्ता वाईट, लोक येत नाहीत, ही कारणे आड येत नाहीत. मग स्तनाच्या तपासणीलाच ती आड का येतात? हवी आहे एक खोली, एक पडदा, आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि प्रशिक्षित बाईचा हात. उपकेंद्राला पडदा न देणारे प्रशासन जनजागृतीचे फलक मात्र वेळेवर लावते. फलकावरची बाई हसते आहे, कारण तिला तपासणीला जायचे नाही.

७. ट्रॅस्टुझुमॅब वर्षभर, दर तीन आठवड्यांनी घ्यावे लागते. साधारण अठरा वेळा. डहाणू रोड ते चर्चगेट १२४ किलोमीटर. परळ थोडे अलीकडे, पण आशागडहून स्टेशनपर्यंतचे अंतर धरले तर हिशेब तिथेच येतो. अठरा वाऱ्यांचे साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास होतात. पंढरीची वारी लोक आनंदाने करतात, ही वारी मजुरी बुडवून करायची, आणि सोबतच्या माणसाचीही बुडवून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, ते मोलाचे आहे. पण दसऱ्यानंतर वीटभट्टीवर गेलेली बाई तिसऱ्या वारीनंतर येत नाही, तेव्हा कागदावर नोंद होते, "रुग्णाने उपचार सोडले". रुग्णाने सोडले?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र, आणि त्यातली २०० पहिल्याच वर्षी, असे जाहीर झाले. मुंबईत एकदा निदान आणि उपचाराची आखणी झाली की पुढची इंजेक्शने देण्याचे काम अशा केंद्रात होऊ शकते. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. तेव्हा जी भाषणे झाली त्यांत "मुख्यालय जवळ येईल" हे वाक्य होते. कचेरी आली, पण आजारी माणूस अजून परळला किंवा हद्दीपलीकडे वलसाड, वापी, सिल्वासाला जातो. आमच्या बाजूला याची लाज वाटायला हवी, कारण नेमकी उलटी रीत इथेच घडली होती. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मूल शाळेत येत नाही म्हणून त्याच्या बापाला दोष दिला नाही. त्यांनी शाळाच पाड्यावर, गुरे चरतात त्या कुरणात नेली. बालवाडीला जे सुचले ते आरोग्य खात्याला सत्तर वर्षांत सुचू नये?

८. आणखी एक गोष्ट खटकते, ती जरा विस्ताराने सांगतो. वरचे विज्ञान आकाशातून पडले नाही. बायकांच्या शरीरांतून आले आहे, आणि त्यात महाराष्ट्रातल्या बायका आहेत. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी ऑपरेशनच्या आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन द्यावे का, हे हजारेक बायकांवर तपासले. निष्कर्ष २०११ मध्ये आले. सरसकट सगळ्यांत ठळक फरक नव्हता. काखेतल्या गाठींत रोग पोचलेल्या बायकांत फायदा दिसला. असे का व्हावे, याचा माग खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या गटाने घेतला, आणि २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की प्रोजेस्टेरॉनमुळे मायआर-१२९-२ वाढतो आणि तो प्रोजेस्टेरॉनचाच ग्राहक खाली आणतो. म्हणजे मायक्रोआरएनएचे हे संशोधन काही परक्या मुलखातले नाही. ते आपल्या लोकलच्या मार्गापासून खाडीपलीकडे चालते, आणि आपल्या करातून चालते. २०२३ मध्ये त्याच टाटाने आणखी एक साधी गोष्ट दाखवली. ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तेच बधिर करणारे औषध, टोचले तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. इतके स्वस्त औषध तर कोणत्याही शस्त्रक्रियागृहात असते. ते तालुक्याच्या ऑपरेशन टेबलापर्यंत पोचते आहे का, हे विचारायला आपल्याला वैद्यक शिकावे लागत नाही.

पण या मोठ्या अभ्यासांत वारली, कोकणा, धोडिया, कातकरी बाई किती? अमेरिकेतल्या ज्या जनुकीय संग्रहावर जगभरचे मायक्रोआरएनएचे निष्कर्ष तपासले जातात, त्यात बहुसंख्य गोऱ्या बायकांच्या गाठी आहेत. आपल्या बायकांत कोणते कारकून कुठे बदलून गेले आहेत, ते त्यांच्या गाठी तपासल्याशिवाय कोण सांगणार? आणि तपासायच्या आधी मोजायला हवे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेडोपाडी फिरून कोणाला कोणता कर्करोग झाला ते लिहून ठेवणे, एवढेच काम, पण त्यामुळे पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचे मोठे अभ्यास त्याच मुलखात होऊ शकले. बार्शीला जमले तर डहाणू-तलासरीला का नाही? गेल्या वर्षी आपल्या तालुक्यात किती बायकांच्या छातीत गाठ निघाली, कितींची हर-२ तपासणी झाली, किती गेल्या, हे तीन आकडे कोणत्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आहेत? सापाने चावलेल्यांची नोंद होते, विंचवाची होते. जिची नोंद नाही तिच्यासाठी निधीही नाही, असा हा साधा व्यवहार आहे.

९. निधीचे म्हणाल तर सगळे काही मुंबई-दिल्लीच्या हातात नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येतात. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि तो आरोग्यावरही खर्च करता येतो. कशावर, ते ग्रामसभेने ठरवायचे. आपण तो बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉकवर घालवतो. मी पेव्हर ब्लॉकच्या विरोधात नाही, पावसात घसरून पडलेला माणूस आहे मी. पण दोन बिले शेजारी ठेवून पाहू तरी. ही ती जमीन आहे जिथे १९४५ मध्ये झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठीला नकार दिला. तेव्हा सभेत कोणी विचारले नव्हते की हे आपल्या अधिकारात येते का.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत मी खालील ठराव मांडणार आहे. उपकेंद्रात बायकांच्या तपासणीसाठी बंद खोली किंवा पडदा, आणि आठवड्यातून एक ठरलेला दिवस, बाजाराचा नको. आशाताईला सीबॅकचा फॉर्म घरच्यांसमोर भरायला लावू नये. तालुक्यात जिथे जिथे गाठ काढली जाते तिथे रुंद तोंडाच्या बरण्या आणि तयार फॉर्मॅलिन ठेवावे, आणि नमुना नेण्यासाठी गाडी व माणूस ठरवून द्यावा, असे ग्रामसभेने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. खात्याकडे बरण्या नसतील तर पहिल्या पन्नास आपण पेसाच्या निधीतून घेऊ. जिल्ह्याच्या डे-केअर केंद्राचे काम कुठवर आले, याचे लेखी उत्तर मागवावे आणि ते पुढच्या सभेत वाचून दाखवावे. आणि ते तीन आकडे दरवर्षी फळ्यावर.

लोकलमधल्या त्या माणसाला मी विचारले, सभेला येशील का. तो म्हणाला, येतो, पण बोलणार नाही. बरणी मात्र त्याच्याकडे अजून आहे, धुऊन फळीवर ठेवलेली. ती आणतो म्हणाला. सूचक म्हणून माझे नाव लिहिले आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे.